दक्षिणेची भिंत

सोलापूर स्टेशनावर गाडी हलली तरी दादांनी खिडकीचा गज सोडला नव्हता. दादा म्हणजे माझे वडील, मंद्रूपचे गवंडी. आर्किटेक्ट झालेला मुलगा विलायतेला निघालेला, आणि हे म्हणतात, "काम तुज्याकडनं करून घेतील आन् नाव आपलं लावतील. ध्यानात ठिव." आशीर्वाद द्यायचं राहूनच गेलं.

सत्तरच्या दशकातलं इंग्लंड. नगरपालिकेच्या ऑफिसात कुणी हसलं की मला वाटे, माझ्यावरच. कुणी चहा विचारला तर मनात येई, याला काय हवंय? दोन वर्षं मी नुसते जिने आणि संडास काढले. मग एका सार्वजनिक वाचनालयाचं काम माझ्याकडे आलं. जीव ओतून नकाशा केला. दक्षिणेला जाड भिंत, खिडक्या नावालाच, त्यांवर चार फुटी सज्जा. वाचायची खोली उत्तरेला, गार सावलीत.

ऑफिसातल्या माझ्या गोऱ्या साहेबांनी सगळं पालटलं. खोली दक्षिणेला, सज्जा गायब, भिंतभर काच. कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहिलेलं, 'ऊन आत येऊ द्या.' मला तो टोमणाच वाटला. त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. त्याच दुपारी दादांना पत्र टाकलं, माझी इमारत यांनी लाटली.

इमारत उभी राहिल्यावर जानेवारीत गेलो, तो पाटीवर कुणाचं नाव आहे हे तपासायला. माझं होतं, साहेबांच्या आधी. आत काचेपाशी म्हातारी माणसं उन्हात खुर्च्या ओढून बसली होती. एकीनं तर कोट काढून मांडीवर घेतला होता. उत्तरेकडच्या कपाटांपाशी माझी बोटं गारठली, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मी मंद्रूपचं घर बांधायला निघालो होतो, ऊन दारातच अडवणारं. इथली माणसं त्याच उन्हासाठी वर्षभर झुरतात. लाजेनं कान तापले.

हे दादांना लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

चार वर्षांनी गावी आलो. दादांनी मला आठवडी बाजारात फिरवलं आणि भेटेल त्याला सांगितलं, "ह्येची इमारत गोऱ्यांनी लाटली. पर पोरगं हटलं न्हाय, तितंच टिकलं की!" मग माझ्याकडे वळून, "व्हय का न्हाय रं?"

मी "व्हय" म्हणालो.

मंद्रूपकरांनो, तुम्हाला अजूनही तेच ठाऊक आहे. दादाही तेच खरं मानून गेले. परक्या देशात मी ज्याच्या त्याच्याकडे संशयानं पाहिलं, आणि त्यांतल्या कुणी मला फसवलं नाही. माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारा जगात एकच माणूस होता. तेच माझं घर. आणि फसवलं मी फक्त त्यालाच.