नव्वद ग्रॅमचा पुडा

२०१५ च्या मे महिन्यात मी आणि लान्स नायक किसन एकाच वेळी रजेवर होतो. मी उधव्याचा, तो झरीचा, दोन्ही डहाणूकडची गावं, बटालियन एकच. रजा संपताच बटालियन उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगरांत जाणार होती. मी हवालदार होतो आणि पेट्रोलचं, म्हणजे गस्तीच्या तुकडीचं, रेशन ठरवणं माझ्याकडे होतं. तोपर्यंतची माझी नोकरी वाळवंटात आणि जंगलात झाली होती. बर्फात मी एक दिवसही काढला नव्हता.

याद्या करणं हा माझा स्वभाव. दोन रात्रींच्या पेट्रोलला जवानाच्या पाठीवर काय हवं आणि काय नको, हे मी घरीच वजनकाटा घेऊन ठरवायला बसलो. ताट रद्द. वाटी रद्द. मेसटिनच्या डब्यातच शिजवायचं, त्यातच खायचं. प्रत्येकी एक चमचा. त्याच्या दांड्यालाही मी ड्रिलने भोकं पाडली.

किसनने चमचा उजेडात धरला. "दादा, यातून उपमा गळंल."

"भोकं दांड्याला आहेत."

"मग माझे दातपण काढून ठेवा. तेवढंच वजन कमी."

यादी तपासायला आम्ही डहाणूजवळच्या डोंगरावर एक मुक्काम केला. पायथ्याच्या हातपंपाचं पाणी भरून नेलं. सोबत सुका उपमा आणि सुकी खिचडी होती. उकळतं पाणी ओतलं की तयार. चूल म्हणजे पत्र्याची घडी आणि हेक्सामाइन या जळणाच्या पांढऱ्या वड्या. एका वडीवर अर्धा लिटर पाणी सात मिनिटांत उकळलं. मी ते वहीत लिहिलं. नियमाप्रमाणे दोन रात्रींसाठी प्रत्येकाला वड्यांचे तीन पुडे मिळतात. माझ्या हिशेबाने दोन पुरत होते. तिसरा मी खोडला.

ऑक्टोबरमध्ये आम्ही आठ जण पेट्रोलवर निघालो. निघण्याआधी किसन जवळ आला. ड्यूटीवर तो मला उस्ताद म्हणायचा.

"उस्ताद, एक पुडा जास्त घेऊ?"

"एक पुडा नव्वद ग्रॅम. आठ जणांचे पाऊण किलो. नको."

"मीच उचलतो की."

"यादीत नाही."

"बरं." त्याने पुडा स्टोअरमध्ये परत ठेवला.

नकाशावर ज्या नाल्याचं पाणी आम्ही धरलं होतं तो तळापर्यंत गोठलेला होता. बर्फ वितळवून पाणी करावं लागलं. एका मेसटिनभर बर्फाचं दोन बोटं पाणी होतं, आणि ते उकळायच्या आत वडी संपते. माझं सगळं गणित मे महिन्यातल्या डहाणूच्या कोमट पाण्यावर झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वड्या संपल्या. त्यानंतर हवामान बिघडलं आणि आम्ही एका खडकाआड अडकलो. आठ जणांत दीड लिटर पाणी उरलं होतं. मी झाकणाने मोजून वाटलं. किसन दोन दिवस सगळ्यांच्या पुढे राहून बर्फ तुडवत होता. त्याने झाकण पुढच्याकडे दिलं.

"मला तहान नाही, उस्ताद."

मी ते खरं मानलं.

तिसऱ्या दिवशी ०६४० ला त्याला श्वास पुरेना. मी रेडिओ घेतला.

"पोस्ट, पेट्रोल बोलतोय. एक जवान गंभीर. हेलिकॉप्टर हवंय. ओव्हर."

"पेट्रोल, हवामान खराब. हेलिकॉप्टर नाही. खाली आणा. ओव्हर."

आळीपाळीने त्याला पाठीवर घेऊन आम्ही उतरलो. १११५ ला तो माझ्या पाठीवर होता. मानेवर लागणारा त्याचा श्वास थांबला, तेव्हा मला कळलं. तरी आम्ही थांबलो नाही.

डॉक्टर म्हणाले, उंचीमुळे, विरळ हवेने गेला. पाणी कमी पडल्याने लवकर बिघडलं असेल, नक्की सांगता येत नाही. अहवालात 'उंचीमुळे' एवढंच आलं. सुकी खिचडी त्याच्या पाठपिशवीत न उघडलेली होती.

त्याला घेऊन मी झरीला आलो. त्याच्या बायकोला, सुंदरवहिनींना, मी अहवालात होतं तेवढंच सांगितलं.

२०१८ मध्ये मी निवृत्त झालो. पुढच्या वर्षी डहाणूच्या काही ट्रेकिंगवाल्यांनी मुक्कामाच्या हलक्या सामानाची यादी मागितली. खाणं लिहिलं, भांडी लिहिली. इंधनापाशी आलो आणि पुढे लिहिता येईना. दुसऱ्या दिवशी झरीला गेलो.

सुंदरवहिनी ओटीवर कांदे निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नाला, वड्या, खोडलेला पुडा. किसनने तो मागितला होता, हेही.

त्यांनी हात थांबवला. "त्या पुड्याचं वजन किती?"

"नव्वद ग्रॅम."

"म्हणजे केवढा?"

मी ढिगातून एक मध्यम कांदा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला.

 त्यांनी हात थोडा वर-खाली केला, बाजारात वजन अजमावताना करतात तसा.

"येवढाच?"

"हो."

"त्यानं उचलला असता, दादा," त्या म्हणाल्या. "कुरकूर न करता उचलला असता."