तंबूवाल्या काकी

"आत बसल्याबिगर भोक घावत न्हाय, सर," असं म्हणत काकी तंबूत शिरायच्या. राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटचा हॉल एका तंबूनंच भरून जायचा. आतून चेन लावली की नुसता आवाज यायचा, "खिडकीचा पडदा सारा. ऊन येऊ द्या." कापडातून जिथं ऊन टोचेल, तिथं त्या खडूनं खूण करायच्या.

मी आमच्या कॉलेजच्या मुलींना डोंगरात मुक्कामाला नेतो. काकी शेजारच्या, ब्लाऊज शिवणाऱ्या. आमचे फाटके तंबू त्यांनी माझ्या हट्टापायी दुरुस्तीला घेतले. ठिगळ वाटी ठेवून गोल कापायच्या. "कोपरा ऱ्हायला की उचकटतंय." मग शिवणीवर गोंद, आणि तो वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी घाई केली की विचारायच्या, "निजणार कोण? तुम्ही का पोरी?"

एकदा गगनबावड्याला मुक्काम होता. दुपारी तंबू ठोकून झाले आणि पाऊस कोसळायला लागला. तेवढ्यात एसटीतून काकी उतरल्या. फोन लागेना म्हणून थेट आल्या होत्या.

"निळ्या तंबूची एक शिवण ऱ्हायलीया. पावणं आलं, मी उठले आणि इसरले. चुकलं माझं."

सगळ्या मुलींसमोर त्यांनी हे मोठ्यानं सांगितलं.

"अहो काकी, एका शिवणीसाठी एवढ्या लांब?" मी म्हणालो.

त्यांनी निळ्या तंबूत शिरून मुलींच्या पथाऱ्या बाहेर काढल्या. एक खालून चिंब झाली होती. "ह्यात आज कुणी निजायचं न्हाय," म्हणत त्यांनी तंबू सोडला आणि घडी करून बगलेत मारला.

"चहा तरी घ्या!"

"गोंद वाळाय येळ लागतोय की," म्हणून त्या परतीच्या गाडीत बसल्यासुद्धा. निळ्या तंबूतल्या चौघी मुली त्या रात्री इतर तंबूंत दाटीवाटीनं झोपल्या, पण कोरड्या.

यंदा श्रावणात काकी वारल्या. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलीनं मला बोलावलं. कपाटात आमचा एक तंबू निघाला होता, नीट घडी घातलेला. वर टाचणीनं चिठ्ठी लावलेली. अक्षर थरथरलेलं, पण ठळक: "डावी शिवण बाकी. सरांना देऊ नये."

"न्या की, तुमचाच हाय," मुलगी म्हणाली.

मी तो पुन्हा कपाटात ठेवला.