माहेरचं रक्त, सासरचं रक्त

आमच्या कामात रक्त दिसत नाही. प्रयोगशाळेतनं येतात ती रक्तातल्या जनुकांची नुसती अक्षरं, आणि त्यांतले फरक शोधत मी दिवसभर पडद्यापुढं बसते. शिकले सगळं माझं मीच, पन्नाशी उलटल्यावर. आता मान अवघडते, डोळे चुरचुरतात, काम काही सरत नाही.

पायांतली ताकद जायचा आजार काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, त्याचा आमचा अभ्यास. त्यात दोन बायकांची अक्षरं, वाचता आली तेवढी, तंतोतंत एक निघाली. एक मुरगूडच्या शिबिरातली, एक मलकापूरच्या. नाव वेगळं, आडनाव वेगळं. नळ्यांची अदलाबदल झाली असली तर सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं, म्हणून आमचे डॉक्टर डोकं धरून बसले. आधी फोन तर करू, म्हटलं.

मुरगूडच्या नंबरावर त्या बाईची आई होती. लेक मलकापूरला दिलीय, लग्नात नाव बदललं, म्हणाली. आता माझंही नाव ताटातल्या तांदळात लिहून बदललेलंच की, पण शिणलेल्या डोक्याला सुचतंय कुठं.

दुपारी लेकीचाच फोन आला, गोठ्यातनं, हळू आवाजात.

"दोन्ही मीच हाय, मावशी. भावाचं पाय गेल्यात. मला पोरगा झाला तर त्येचं बी तसंच व्हईल का, एवढं कळू दे. म्हणून माहेरी रक्त दिलं. सासरी कुणाला ठावं न्हाय."

मग मलकापुरात का दिलंस, विचारलं. तर सासूनं सगळ्या गल्लीला रांगेत उभं केलेलं. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

एका माणसाचा एकच नमुना ठेवायचा. नीट वाचता येत होता तो मलकापूरचा, पण त्याचा निकाल अर्जावर लिहिलेल्या नवऱ्याच्या फोनवर जाणार, आणि तो नंबर बदलायला नवऱ्याचीच सही.

"सासरचं काढून टाका, मावशी."

दिलेलं रक्त मागं घ्यायचा हक्क असतोच. डॉक्टर कुरकुरले, पण अक्षरांसकट पुसून टाकलं. मी सगळं पहिल्यापासनं पुन्हा चालवलं, चहा गार करत बसले. आणि मुरगूडच्या नमुन्यात नेमकं हवं तेच ठिकाण वाचता येईना.

आईला फोन केला. पंचमीला लेकीला आणाल तेव्हा आमची नर्स घरी येईल, पुन्हा रक्त घेईल, म्हटलं.

"आणतो की," आई म्हणाली. "पर तवर तिला दिवस गेलं तर, बाई?"

शक्य तितकं लवकर आणा, एवढंच बोलले. मग डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले आणि पुढचा नमुना उघडला.