ओहोटीबाईंचे बेट

आमच्या ओहोटीबाईंच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत घड्याळाची वेळ कधीच नसे. ‘मासळीच्या होड्या परतल्यावर’, ‘ओहोटी लागल्यावर’ अशाच नोंदी असत. कसबा पेठेतल्या त्यांच्या घरी सहलीपूर्वी बैठक होई, तेव्हा कुणीतरी हमखास विचारी, “म्हणजे नेमके किती वाजता?” बाई शांतपणे सांगत, “ते समुद्राला विचारा. माझं तो ऐकत नाही.”

दर हिवाळ्यात त्या दहा-बारा पुणेकरांना अंदमानच्या उत्तर टोकाला नेत. निवृत्तीनंतर, आईही गेल्यावर, मी भीत भीत त्यांच्यात सामील झाले. चारचौघांत बोलण्याचा मला जन्माचा संकोच.

पहिल्या दिवशी प्रेक्षणीय स्थळे नसत. सकाळी बाजारात जाऊन प्रत्येकाने नाव ठाऊक नसलेली एक भाजी घ्यायची, ती कशी करतात हे विकणारीलाच विचारायचे आणि जिथे उतरलो तिथल्या बंगाली मालकिणीच्या स्वयंपाकघरात ती रांधायची. मी नेच्याच्या कोवळ्या, गुंडाळलेल्या पानांची जुडी नुसते बोट दाखवून घेतली. बाईंच्या नजरेतून ते सुटले नाही. “अहो, बोटानं भाजी मिळते, कृती नाही. परत जा.” मी गेले. मोडक्या हिंदीत एक प्रश्न विचारला आणि त्या विक्रेतीने मोहरीच्या वाटणापासून सुनेच्या आळशीपणापर्यंत सगळे सांगितले. अनोळखी माणसाशी इतका वेळ मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

तिथे दोन बेटांना जोडणारा वाळूचा पांढरा पट्टा आहे. भरतीत तो बुडतो. एका निवृत्त अभियंत्यांच्या हट्टापायी आम्ही भल्या सकाळी पोहोचलो, तर समोर नुसते पाणी.

“बाई, पट्टा कुठे आहे?”

“आहे तिथेच. पाणी वर आहे.”

मग त्यांनी आम्हाला एका मोठ्या रिकाम्या शंखाजवळ गुपचूप बसवले. हळूहळू पाठीवर शंख वागवणारे खेकडे जमले आणि लहानमोठ्या क्रमाने रांगेत उभे राहिले. सर्वांत मोठा नव्या शंखात शिरताच मागच्या प्रत्येकाने पुढच्याचे रिकामे घर पटकावले. पट्टा उघडा पडल्याचे कुणाच्या लक्षातही आले नाही. निघताना बाईंनी सर्वांना खिसे उलटे करायला लावले. “शंख खाली ठेवा. त्यांना बिऱ्हाड बदलायचंय.” सर्वांत जास्त शंख अभियंत्यांकडे निघाले.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे थकले. होडीत चढणे बंद झाले.

“लोकांना तुम्ही न्या, नाहीतर सहल बंद.”

“मला बोलता येत नाही, बाई.”

“बोलणारे सहलीत पुष्कळ असतात. त्यांना थांबवणारं कुणीतरी लागतं.”

मी गेले. पट्ट्याच्या दिवशी वारा सुटला, लाटा उंचावल्या. नावाडी म्हणाला, नेतो, पण परतीचे सांगता येत नाही. मंडळी तर खास त्यासाठीच आलेली. मी म्हणाले, “आज जायचं नाही.”

“बाई असत्या तर नेलं असतं,” एक गृहस्थ सर्वांना ऐकू जाईल असे बोलले.

“नसतं नेलं,” मी म्हणाले आणि होडीत ठेवलेली माझी पिशवी उचलून घेतली.

संध्याकाळी बाईंना फोन केला. पट्टा दाखवता आला नाही, असे सांगितले.

“रागावले का लोक?”

“फार.”

“मग जमलं तुम्हाला,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.