एका किलोचा फरक

"कशाच्या मानानं?" असं विचारून सर चष्मा कपाळावर सरकवायचे. चहात साखर कमी आहे म्हटलं तरी हेच. पोखर्णीची एसटी अर्धा तास लेट म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाले, "पोखर्णीच्या मानानं लय झाला. नागपूरला निघालो असतो तर कोण बोललं असतं?"

सर आमच्या आरोग्य पाहणीत आकडेवारीचे सहायक होते. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. गावोगाव वजनं घ्यायची आणि परभणीला येऊन तक्ते करायचे. तक्ते माझ्याकडे. सरळ उत्तर न देणारा असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल.

पेडगावला दुधाची भुकटी आली, पण थोडीच. पाहणीच्या साहेबांनी तक्ता पाहिला. मोठी माणसं सरासरीपासून सहा किलोंनी वरखाली, सहा महिन्यांची बाळं जेमतेम एका किलोनं. साहेब म्हणाले, बाळं सगळी सारखीच आहेत, समान वाटून टाका.

चष्मा वर गेला. जेवण लांबणार, हे मी ओळखलं. सरांनी मांडून दाखवलं: मोठ्यांची सरासरी पंचेचाळीस किलो, त्यात सहा म्हणजे शेकडा तेरा. बाळांची सरासरी पाच, त्यात एक म्हणजे शेकडा वीस. पुस्तकात याला चलन गुणांक म्हणतात.

"समान वाटलं तर किरकोळ पोरं तशीच राहतील, साहेब."

साहेब घुटमळले, पण हलक्या बाळांना दुप्पट भुकटी द्यायला त्यांनी सही केली.

सगळ्यांत हलकं बाळ एका मजूर बाईचं होतं. तिची सासू भुकटी घेईना. "आमच्यात समदे बारीकच असत्यात."

"आजी, तुमी बारीक आहात, पण दिवसभर खुरपता. ह्याला अजून मान धरता येईना," सर म्हणाले.

आजीनं पातेलं पुढं केलं.

पुढे सरांची बदली झाली, ते परत भेटले नाहीत. ते जाण्याआधी आम्ही पेडगावला शेवटची वजनं घेतली. त्या आजीचं पोरगं टांगत्या काट्याच्या झोळीत अशा लाथा झाडत होतं की सुई थांबेना. मी पेन उघडून उभी. म्हटलं, सर, आकडा सांगा, अजून दहा घरं राहिलीत.

"थांबा बाई. नाचू द्या," ते म्हणाले, आणि वरखाली होणारी ती सुई बघत राहिले.