इंजिनाच्या दिव्यावरचा अंगठा

दुपारचं जेवण अंगावर आलं आहे. शैलजा पलंगावर आडवी झाली आहे. मोबाइल छातीवर, डोळे मिटत आलेले. पडद्यावर तीन यंत्रं आहेत. गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की तो का लागला हे म्हणे घरच्या घरी कळतं. एक यंत्र मोबाइलला जोडायचं, एक स्वतःच्या पडद्याचं आणि एक नुसतं दिवा विझवणारं. खालचे अभिप्राय वाचून तिला वीट आला आहे. एकाला जे अमृत, तेच दुसऱ्याला भंगार.

पण यंत्र तर घ्यायलाच हवं. नवरा गेला, गाडी तिच्या हातात आली आणि महिना उलटायच्या आत हा दिवा लागला. तेव्हापासून तिचे दीर, प्रभाकर भाऊजी, गावभर सांगत सुटलेत, "दादाने गाडी फुलासारखी जपली होती. वहिनीने वाट लावली." रविवारी ते गाडी न्यायला येणार आहेत, विकायला.

डोळा लागतो आणि पलंग सीटसारखा मागे सरकतो. ती गाडीत आहे. शेजारी, स्टिअरिंगपाशी, तिचे गेलेले यजमान, दिगंबरराव. अंगात इस्त्रीचा शर्ट. गाडीत मोगऱ्याचं अत्तर कोंदलंय आणि त्याखाली कुठल्या तरी विसरलेल्या डब्याची आंबूस घाण.

"अगं, ते विझवणारंच घे," ते म्हणतात. "दिवा गेला, कटकट गेली."

"आणि बिघाड?"

"बघून घेऊ."

या दोन शब्दांवर तिने उभा संसार काढला. गळका नळ, दुखरी दाढ, छातीतली कळ, सगळ्याला बघून घेऊ. बघितलं कशाकडेच नाही.

समोर आता रस्ता नाही, तिचं स्वयंपाकघर आहे. दूध उतू गेलंय, काचेवरून साय ओघळतेय आणि वायपर ती इकडून तिकडे सारवतोय. दिगंबररावांना त्याचं काही वाटत नाही.

"मी पडद्याचं घेणार," ती म्हणते. "दिवा लागल्यापासून गाडी किती चालली, तेही त्यात दिसतं. भाऊजींच्या नाकासमोर धरते."

"ते नको गं." त्यांचा आवाज एकदम बारीक होतो. तेव्हा तिला दिसतं, त्यांनी अंगठा स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या काचेवर दाबून धरलाय, बरोबर दिव्याच्या जागी.

"अंगठा काढा."

"राहू दे ना."

"काढा म्हणते ना."

ती त्यांचा हात ओढते. हात ओल्या फडक्यासारखा गार आणि बुळबुळीत. अंगठ्याखाली मरून रंगाची मखमली टिकली, तिचीच. टिकलीच्या कडेने पिवळा उजेड झिरपतोय.

"डोळ्यात खुपायचा दिवा," ते म्हणतात. "म्हणून लावली. उन्हाने गोंद सुटत आला, म्हणून धरून बसलोय."

"म्हणजे दिवा तुमच्या वेळचा."

"प्रभाकरला सांगू नकोस. त्याला वाटतं मी गाडी जपली."

"आणि माझी अब्रू गेली ती?"

दिगंबरराव विचार करतात. खरंच करतात, भुवया आवळून.

"बघून घेऊ," ते म्हणतात.

तिला त्यांची किळस येते. ज्या माणसाच्या ताटात ती जेवली, त्याची किळस. ती दात-ओठ खात नखाने टिकली खरवडते.

जागी होते तेव्हा भिंतीवर उन्हं उतरली आहेत आणि मोबाइल उशीखाली घसरलाय. तिच्या तर्जनीच्या टोकावर ती मरून रंगाची टिकली आहे. गोंद केव्हाच मेलाय, गोंदाच्या बाजूला गाडीतली करडी धूळ थापलेली.

बोट साबणाने घासून काढावं असं वाटतं. पण ती तशीच उठून बसते, दुसऱ्या हाताने मोबाइल ओढते आणि पडद्याचं यंत्र मागवून टाकते. टिकली ती झटकत नाही. रविवारी भाऊजींच्या तळहातावर ती पालथी ठेवायची आहे, धुळीची बाजू वर.