ठमाबाईंची पंधरा ऑगस्टची ग्रामसभा

सुरगाण्याकडच्या एका ग्रामपंचायतीत ठमाबाई भोये १९९५ साली बायकांसाठीच्या राखीव जागेवर निवडून आल्या. ओहोळापलीकडच्या त्यांच्या वरच्या पाड्याचं एकच मागणं होतं, ओहोळावर साकव. ओहोळ चढला की पाड्यावरच्या पोरांची शाळा बुडायची. अडलेली बाळंतीण डोलीतूनही अलीकडे आणता यायची नाही.

पहिल्याच सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठमाबाईंनी साकवाचा विषय मांडला. हात वर झाले ते अकरा. बाकीचा पाडा दिंडोरीकडे द्राक्षं खुडायला गेलेला. दिवाळीनंतर गेलेली माणसं होळीलाच परततात, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण सरकारी सभा म्हटल्यावर सगळे येतील, असं त्या धरून चालल्या होत्या. ओहोळाअलीकडच्या खालच्या गावाने आपल्या चावडीचे पत्रे मंजूर करून घेतले.

"मेंबर झाली नि आपलीच माणसं कुठं हायेत ते विसरली," नवरा मंगळू म्हणाला.

"एकदा विसरली. परत नाय."

पुढची चार वर्षं त्या खालच्या गावातल्या बायकांच्या शेतात भाताच्या लावणीला गेल्या. वाकल्या वाकल्या साकवाचंच बोलायच्या. २००० साली पुन्हा निवडून येऊन सरपंच झाल्या आणि पुढच्या पंधरा ऑगस्टची सभा त्यांनी वरच्या पाड्यावर लावली. लावणी उरकून तेव्हा सगळा पाडा घरी असतो.

ग्रामसेवक चपापला. "ताई, ओहोळ भरलाय. माणसं जायची कशी?"

"आमची येतात तशी, भाऊसाहेब."

झेंडावंदन झालं. मेंबर, भाऊसाहेब, सगळे चपला हातात घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरले. साकवाला इतकी वर्षं आडवा आलेला म्हातारा मेंबर भिमाजी मध्यावर घसरला. पाड्यावरच्या दोघांनी त्याला बखोटीला धरलं.

"सोडू नका रे!"

"नाय सोडत, आबा. हितं आमचा रोजचाच सराव हाय."

सभेत भिमाजी धोतर पिळत बसला. विषयांची यादी वाचायला भाऊसाहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "बाकीचं मागून वाचा. आधी साकव घ्या. मला अजून परत जायचंय."

पाडा हसला, मग हात वर झाले. खालच्या गावातल्या बायकांचेही.

साकव उभा राहायला आणखी चार पावसाळे गेले. ठमाबाई तालुक्याला खेपा घालत राहिल्या. २००५ साली त्या बिनविरोध निवडून आल्या, आणि त्या जूनमध्ये पाड्यावरची सतरा पोरं कोरड्या पायांनी शाळेत गेली.